लाल डोळ्यांचा पाहुणचार

ग्लेनिस पास्कोला चष्म्याशिवाय स्वतःची पापणी दिसत नसे, आणि चष्मा लावला की पापणीपर्यंत ब्रश पोहोचत नसे. यातून तिने मार्ग काढला होता. चष्मा लावून आरशात एकदा नीट बघून घ्यायचं, पापणी कुठे आहे ते मनात धरायचं, मग चष्मा काढायचा आणि देवावर भरवसा ठेवून ब्रश फिरवायचा. देव बहुधा त्या वेळी दुसऱ्या कामात असे. पापण्या वाढवायचं ते सीरम थोडं पापणीला लागे, थोडं डोळ्यात जाई, आणि उरलेलं डाव्या गालावरून खाली ओघळे.

नळी पोस्टाने आली होती. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘रोज एकदा, फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी, एकच रेघ.’ त्याखाली बराच मजकूर होता, पण तो इतका बारीक की हे औषध ज्या वयाच्या बायका घेतात त्यांना तो वाचता येऊ नये, अशी छापणाऱ्याची इच्छा असावी. ग्लेनिसने वाचायचा नाद सोडला. वरच्या पापणीला लावलं तसं खालच्या पापणीलाही लावलं, कारण कुंपणाची एकच बाजू रंगवून सोडून देणाऱ्यातली ती नव्हती. शिवाय एका रेघेने जे महिन्यात होईल ते दोन रेघांनी पंधरवड्यात व्हायला काय हरकत आहे?

अडुसष्टाव्या वर्षी हा उपद्व्याप कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिने दुकानाच्या दाराची गोष्ट सांगितली असती. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या या पोर्ट कॅरो गावात एकुलत्या एक मोठ्या दुकानाला आपोआप उघडणारं दार आहे. एका सकाळी ते ग्लेनिससमोर उघडलंच नाही. ती थांबली, मागे गेली, पुढे आली, हात हलवून बघितले. दार ढिम्म. मग मागून दुसरी एक बाई आली, तेव्हा लगेच उघडलं. ग्लेनिस तिच्यामागून आत शिरली, दूध घेतलं, घरी आली आणि ओट्याशी उभी राहून रडली. दार बिघडलं होतं हे तिलाही कळत होतं. पण नवरा जाऊन दोन वर्षं झालेल्या बाईला कळणं आणि वाटणं यांत फार फरक असतो.

तिचा नवरा रॉस बोलण्यात अतिशय काटकसरी होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोच्या रूपाबद्दल एकदाच काय ते उद्गार काढले. धक्क्यावर गळ टाकून बसलेले असताना मासा लागून दूरवर बुडालेलं गळाचं तरंगतं बोंडूक तिने आधी बघितलं, तेव्हा तो म्हणाला होता, “डोळे छान आहेत तुझे.” त्याला बहुधा नजर म्हणायची होती. ग्लेनिसने मात्र ते वाक्य जन्मभर जपून ठेवलं. तेव्हा माणसांनी पुन्हा आपल्याकडे बघावं असं तिच्या मनात आलं आणि सुरुवात कुठून करावी हा प्रश्न पडला, तर उत्तर तयारच होतं.

या गावाबद्दल एक सांगायलाच हवं. इथे कुणी कुणाला काही विचारत नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या परसात न सांगता शिरणं. तुमचं घर जळत असलं तरी शेजारी आधी म्हणेल, ‘आज जरा उकडतंय.’ पण म्हणून माणसं निर्दय आहेत असं नाही. ती विचारण्याऐवजी भांडं आणतात. ओव्हनमध्ये भाजलेलं काहीतरी, वर चीज, खाली चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. रॉस गेला तेव्हा अशी भांडी महिनाभर येत होती. ग्लेनिस प्रत्येकाला दारातूनच “मी अगदी बरी आहे” म्हणून सांगे आणि दुसऱ्याच दिवशी भांडं घासूनपुसून परत करून येई. मग एके दिवशी परत करायला भांडं उरलं नाही, आणि त्यानंतर कुणी आलंही नाही.

सीरम सुरू करून तीन-चार आठवडे झाले. पापण्या वाढल्या, यात वादच नाही. पण त्याआधी डोळे लाल झाले. साधे लाल नाहीत, कापल्या टोमॅटोसारखे. पाणी सतत वाहायचं. ग्लेनिसला वाटलं, औषध काम करतंय. आपल्या लहानपणी जे औषध झोंबत नसे ते औषधच नसे, त्यामुळे तिने मोठ्या उत्साहाने तिसरी रेघ सुरू केली.

शुक्रवारी गावच्या बाउल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्यांच्या अड्ड्यावर, मांसाच्या ताटाची सोडत असते; तिकीट लागलं की खाटकाकडचं भरलेलं ताट घरी. ग्लेनिस नव्या पापण्या घेऊन, निळा स्वेटर घालून गेली. तिकिटं विकायला नोएलीन हॉकिंग बसली होती. नोएलीन म्हणजे गावाचं वर्तमानपत्र, फक्त ते छापून येत नाही एवढंच.

“दोन दे गं,” ग्लेनिस म्हणाली.

नोएलीनने मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. अगदी वाकून, डोळ्यांत डोळे घालून. गेल्या दोन वर्षांत इतका वेळ ग्लेनिसकडे कुणीही बघितलं नव्हतं.

“बरी आहेस ना?”

“झकास,” ग्लेनिस म्हणाली, आणि तिच्या हनुवटीवरून एक थेंब तिकिटांवर पडला.

“हं,” नोएलीन म्हणाली. तिने ओलं तिकीट बाजूला ठेवून कोरडं फाडून दिलं. “वारा आहे आज.”

“वाराच आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात नोएलीन उभी. हातात ट्यूना मासा घालून भाजलेला पास्ता, चार माणसांना पुरेल एवढा. “चुकून जास्त झाला,” ती म्हणाली. ग्लेनिस नेहमीप्रमाणे ‘मी अगदी बरी आहे’ म्हणणार होती, पण डोळ्यांत इतकं पाणी होतं की तिला दाराची कडीच सापडेना. नोएलीननेच दार ढकललं, आत आली, किटली ठेवली आणि दोन तास बसली.

रविवारी गावातलीच, एकटी राहणारी लोरेन टिली आली, जर्दाळू घातलेलं कोंबडीचं कालवण घेऊन. “फ्रीजमध्ये जागा नव्हती,” असं तिचं कारण. सोमवारी क्लॅरी बून आला. क्लॅरी हा रॉसचा मासेमारीतला जोडीदार, बोलण्यात रॉसपेक्षाही काटकसरी. तो फाटकात उभा राहून पत्रपेटीकडे बघत म्हणाला, “गवत.”

“हो, वाढलंय जरा.”

“कापू?”

“अरे, मी कापते की.”

“मशीन आणलंय.”

त्याने गवत कापलं. न वाढलेलंही कापलं. मग चहाला आत आला आणि आपल्या कुत्र्याच्या कमरेच्या शस्त्रक्रियेबद्दल जे बोलायला लागला ते थांबेचना. शेवटी उठताना म्हणाला, “कोणाला सांगितलं नव्हतं हे.” ग्लेनिसचे डोळे वाहतच होते. कुत्र्यासाठी कुणीतरी एवढं रडलेलं बघून क्लॅरीला फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी पर्थहून मुलीचा फोन. एरवी केरीचा फोन फक्त रविवारी यायचा, तोही मुलांना पोहायला सोडून परत येईपर्यंतच्या वेळात.

“आई, खरं सांग, काय झालंय?”

“कुठे काय? काही नाही.”

“तू सारखी रडतेस म्हणे. गावातून फोन आला होता मला.”

“वारा असतो गं इथे.”

“वारा पर्थलाही असतो आई,” केरी म्हणाली, आणि तिचाच आवाज भरून आला. “मी रोज फोन करेन. चालेल ना?”

चालेल ना! ग्लेनिसने फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. तिच्या मनात आलं होतं, हे पापण्यांचं औषध आहे असं सांगून टाकावं. प्रत्येक वेळी येत होतं. नोएलीनसमोर दोनदा तोंड उघडलंही होतं. पण टेबलावर समोर दुसरा कप दिसायचा, त्यातून वाफ निघत असायची, आणि ग्लेनिस तोंड मिटून बिस्किटांचा डबा पुढे करायची. खोटं तर ती बोलत नव्हती. गावात तिला कुणी विचारलंच कुठे होतं?

बघता बघता मंगळवार दुपार ठरून गेली. नोएलीन, लोरेन, क्लॅरी आणि ग्लेनिस अशी चौघं तिच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळायला बसू लागली. खाण्याला तोटा नव्हता. फ्रीजरचं झाकण गुडघ्याने दाबून बसवावं लागे. पापण्यांची वाढही जोरात होती. आता त्या चष्म्याच्या काचेला लागत आणि डोळे मिचकावले की काच सारवल्यासारखी होई. डोळ्यांखाली आणि वर जांभळट काळं पडलं, डोळे खोल गेले. “झोप नाही हो बिचारीला,” लोरेन क्लबात म्हणाली, आणि आणखी दोन भांडी आली. डाव्या गालावर, जिथे रोज ओघळ यायचा, तिथे काळे, वळणदार, लांबसडक तीन केस उगवले. ते ग्लेनिसला दिसले नाहीत. ज्यांना दिसले ते गावाच्या रीतीप्रमाणे खिडकीबाहेर बघत राहिले.

मग एका मंगळवारी तिने हुकमाचा गुलाम समजून चौकटचा गुलाम टाकला. लोरेन तिची भिडू. एरवी असल्या चुकीसाठी लोरेन माणसाशी वर्षभर बोलत नाही. पण तिने फक्त ग्लेनिसचा हात थोपटला आणि म्हणाली, “असू दे. दुःखात होतं असं.”

ग्लेनिस मात्र घाबरली. तिला खरोखरच पत्ता धूसर दिसला होता. ज्या डोळ्यांनी तिने बुडालेलं बोंडूक ओळखलं होतं त्या डोळ्यांना हातभर अंतरावरचा गुलाम ओळखता येईना. दुसऱ्या दिवशी ती बसने शेजारच्या गावी डोळे तपासणाऱ्या लिन त्रानकडे गेली.

लिन तिच्या मुलीहूनही लहान होती. तिने यंत्राला हनुवटी टेकवायला लावली, दिवा लावला आणि विचारलं, “डोळ्यांना काय लावता, ग्लेनिस?”

“मी? काही नाही बाई.”

“काहीच नाही?”

“तोंड धुते. साबणाने.”

लिनने दिवा बंद केला. “ग्लेनिस, तुमच्या गालावर पापणी उगवलीय.”

एवढ्या पुराव्यापुढे वकीलही गप्प बसला असता. ग्लेनिसने पर्समधून नळी आणि सोबतचा कागद काढून दिला. लिनने कागदावरची मुंगीएवढी अक्षरं भराभर वाचली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“काचबिंदूच्या रुग्णांना डोळ्यातला दाब उतरवायला जे थेंब देतात ना, त्याच जातीचं औषध आहे यात. त्या लोकांच्या पापण्या वाढायला लागल्या, म्हणून कुणाच्या तरी डोक्यात आलं की हेच विकावं. पण ते डॉक्टरला विचारून, बेताने लावायचं असतं. तुम्ही किती लावत होता?”

“वर, खाली... दोन रेघा.” ती जरा थांबली. “तीन.”

“आणि ब्रश धूत होता?”

“ब्रश धुवायचा असतो?”

लिनने दीर्घ श्वास घेतला. “आजपासून बंद. पूर्ण बंद. पापण्यांच्या कडांना जंतूंची लागण झालीय, त्याला मी मलम देते. काळेपणा हळूहळू कमी होईल, खोल गेलेले डोळे वर यायलाही वेळ लागेल. नशीब म्हणा, बुबुळांचा रंग अजून तसाच आहे. तुमच्यासारख्या घाऱ्या-हिरव्या डोळ्यांत या औषधाने तपकिरी रंग उतरू शकतो, आणि एकदा उतरला की तो जात नाही. कधीच नाही.”

“आणि लाली?”

“ती जाईल. दोन-तीन आठवड्यांत.”

“इतक्या लवकर?” ग्लेनिसचा चेहरा पडला.

लिन तिच्याकडे बघत राहिली. बरं होणार हे ऐकून खट्टू होणारा रुग्ण तिला पहिल्यांदाच भेटला होता.

ग्लेनिस शहाणी बाई. तिने नळी पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि मलम लावायला लागली. डोळे निवळू लागले. पत्ते स्वच्छ दिसायला लागले. ती लागोपाठ तीन डाव जिंकली. चौथा डाव संपल्यावर क्लॅरी उठला आणि म्हणाला, “बरी दिसतेस.”

“हो गं, चांगलीच निवळलीस,” लोरेन म्हणाली. नोएलीन पत्ते गोळा करत राहिली.

पुढच्या मंगळवारी ग्लेनिसने चार कप काढून ठेवले. कुणी आलं नाही. तसा निरोप नव्हता, भांडण नव्हतं. बाई सावरली, तिला तिचा वेळ द्यावा, असं गावाने ठरवलं होतं, आणि ठरवताना तिला अर्थातच विचारलं नव्हतं. केरीचा फोन आला, “आई, आवाज किती छान वाटतोय तुझा! आता रविवारी बोलू निवांत.” ग्लेनिसने चारही कप परत कपाटात ठेवले. घर इतकं शांत होतं की फ्रीजरची घरघर थांबतानाचा हुंदका तिला बाहेरच्या खोलीत ऐकू आला. तिला भयंकर एकटं वाटलं. पहिल्यापेक्षा जास्त, कारण आता कशाविना राहायचंय ते ठाऊक झालं होतं.

बुधवारी सकाळी ती टेबलाशी बसली होती. समोर आरसा, हातात नळी, चष्मा काढलेला. एकच रेघ, ती मनाशी म्हणत होती. फक्त थोडी लाली येण्यापुरती. शुक्रवारच्या सोडतीपर्यंत.

“ठेव ती खाली!”

परसदारात नोएलीन उभी होती. हातात झाकलेलं भांडं.

ग्लेनिसच्या हातून नळी पडली. मग तिने तोंड उघडलं आणि सगळं बाहेर आलं: दुकानाचं दार, पोस्टाची नळी, गालावरचे केस, लिन त्रान. “मी रडत नव्हते गं. एकदाही नाही. तुम्ही सगळे येत होतात आणि मी तुम्हाला फसवत होते.”

“माहितीये,” नोएलीन म्हणाली.

“काय माहितीये?”

“तू रडत नव्हतीस ते. सोडतीच्या दिवशीच कळलं मला. गेल्या वर्षी हेच लावत होते मी, असेच डोळे झाले होते.” तिने भांडं टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि आपला चष्मा काढला. “बघ इकडे. कुठला रंग दिसतोय?”

ग्लेनिसने वाकून बघितलं. “तपकिरी.”

“हिरवे होते माझे डोळे. बाटलीच्या काचेसारखे हिरवे. शाळेपासून ओळखतेस मला.”

ज्या बाईला आपल्याकडे कुणी बघत नाही याचं एवढं दुःख होतं, तिने इतके मंगळवार समोर बसलेल्या मैत्रिणीचे डोळे बघितले नव्हते. तिला मनापासून लाज वाटली.

“ट्रेव्हरसाठी लावलं होतं मी,” नोएलीन म्हणाली. ट्रेव्हर तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी त्याची स्मृती गेली, तेव्हापासून तो शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमात होता. “म्हटलं, जरा बरी दिसले तर ओळखेल. गेले एकदा, तर त्याने हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं. खूप वेळ बघितलं. आणि म्हणाला, ‘तू चांगली आहेस गं, पण माझ्या बायकोचे डोळे हिरवे आहेत.’”

ग्लेनिसने मघाशी गॅसवर ठेवलेली किटली शिट्टी घालायला लागली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

“मग तुला माहीत होतं,” शेवटी ग्लेनिस म्हणाली, “तर गावभर मी रडतेय म्हणून का सांगितलंस?”

“अगं, मला एका माणसाचा स्वयंपाक करता येत नाही. अजून जमत नाही. दर शनिवारी चौघांचा करते आणि रविवारी टाकून देते. कुठेतरी न्यायला नको? नुसतंच कसं जाणार कुणाच्या दारात? कारण लागतं.” नोएलीनने चष्मा पुसला. “लोरेनचंही तेच. क्लॅरीला तर कापायला गावात कुठेच गवत उरलं नाहीये. काल हे भांडं घेऊन तीनदा तुझ्या परसापर्यंत आले मी. पण तुझे डोळे पांढरे शुभ्र! काय सांगून आत येणार होते?”

ग्लेनिस आधी हसली. मग खरोखर रडली, औषधाशिवाय, आणि नोएलीनही. दोघींनी एकच टॉवेल वापरला. मग ग्लेनिसने उठून चहा केला, आणि नोएलीनने ती नळी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली, वर वापरलेल्या टी-बॅगा टाकल्या, म्हणजे कुणाला पुन्हा उचलावीशी वाटू नये.

“आता मंगळवारचं काय?” ग्लेनिसने विचारलं.

नोएलीनने विचार केला. “पुढच्या मंगळवारी माझ्याकडे. मी रडते. कांदे आहेत घरात.”

“त्यानंतर?”

“लोरेन. तिला तर रडायची सवयच आहे. क्लॅरीला रडता येणार नाही, त्याच्याऐवजी त्याच्या कुत्र्यालाच तोंड पाडून बसवू.”

“पण तू कशासाठी रडणार आहेस?” ग्लेनिसने बशीत बिस्किटं काढत विचारलं. “लोकांनी विचारलं तर काहीतरी सांगावं लागेल ना.”

नोएलीनने तिच्याकडे आपल्या तपकिरी डोळ्यांनी बघितलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

“इथे कोण विचारतंय!” ती म्हणाली.